मिल सुरू असली की मला ऐकू यायचं

शांत खोलीत तुम्हाला ऐकू येत नसेल आणि गोंगाटात मात्र सगळं लख्ख ऐकू येत असेल, तर तुम्ही ढोंगी नाही. वेडे तर नाहीच नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायला कोणी नव्हतं आणि मी स्वतःलाच खोटी समजून किती दिवस वाया घालवले. माझ्या कानांना जे झालं त्याचं डॉक्टरांकडे भलंमोठं नाव आहे. ते इथं नको. ज्याला ते झालंय त्याला डॉक्टर सांगतीलच. मी सांगणार ते त्या नावाच्या आधी आणि नंतर माणसाचं काय होतं ते.

मी कुसुम, वडशाची. झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. त्या वेळी गडचिरोली जिल्हा नवानवा झाला होता आणि नाटकातल्या बाया बहुतेक नागपूरहून यायच्या. गावची, लग्न झालेली, सासूच्या घरात राहणारी हिरोईन म्हणजे मी एकटीच, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

आमच्या नाटकाची रीत माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आज या गावात हे नाटक, उद्या त्या गावात दुसरं. पाठ करायला वेळ कोणाला? विंगेत प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो. तो ओळ फेकतो, आपण ती झेलायची आणि हसत-रडत लोकांपुढे टाकायची. आमचे प्रॉम्प्टर बाबूराव मास्तर. त्यांची कुजबूज अशी, की बरोबर नटाच्या कानात पडायची आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. ती कुजबूज ऐकू येईनाशी झाली, तर आमच्यातला कितीही मोठा नट एका सीझनमध्ये घरी बसतो. माझ्यावर तीच वेळ आली होती.

ढोंगी

मुलगी झाली आणि कान उतरले. हळूहळू, म्हणून आधी कळलं नाही. सासूबाईंना मात्र कळलं, पण भलतंच.

माझा नवरा धनराज राइस मिलमध्ये मशीन चालवायचा. सासूबाई तिथंच बायांसोबत तांदूळ निवडायच्या. मी दुपारी दोघांचा डबा घेऊन जायची. मिलमध्ये काय आवाज! पट्टा फटफटतोय, धान सोलणारा हलर खडखडतोय, भुसा उडतोय. आणि त्यात मला प्रत्येक बाईचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. एकदा दोघी जणी माझ्याच लुगड्याबद्दल बोलत होत्या. मी दारातूनच उत्तर दिलं. दोघी चपापल्या. सासूबाईंनी ते पाहून ठेवलं.

त्याच दिवशी घरी त्यांनी मला चुलीजवळून हाक मारली. एकदा, दोनदा. मी पाठमोरी बसून मुलीचं दुपटं शिवत होते. तिसऱ्या वेळी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिलमधी लोकायच्या चहाड्या आयकू येतात, अन् घरी मी बोंबलून राह्यली तं बहिरी! वा वं नाटकवाली!"

मी पण काही कमी नव्हते. मामी म्हणायची मी त्यांना. "ढोंगाचे मले लोकं पैसे देतात, मामी. तुमी तं फुकटात पाहून राह्यल्या!"

झालं! दोन दिवस आमचं बोलणं बंद. पण खरं सांगते, त्या म्हणाल्या ते मला आत लागलं होतं. मिलमध्ये येतं, एसटीत येतं, लग्नाच्या बँडपुढे येतं आणि घरात येत नाही, असला कुठला रोग असतो? मलाच वाटायचं, माझं घरात लक्ष नाही. मीच वाईट आहे.

नाटकातही तेच चाललं होतं. शिट्ट्या, हशा, तबला जोरात असला की बाबूराव आवाज चढवायचे आणि मी ओळ झेलायची. पण दुःखाचा प्रसंग आला, सगळा मंडप गपगार झाला, की बाबूराव कुजबुजायचे. मला काही म्हणता काही नाही. नुसते ओठ हलताना दिसायचे. मग मी काय करायची? रडत सुटायची! संवादाच्या जागी हुंदके. लोकांना वाटे, काय रडते बाई! कंपनीचे मालक तर खूश. पण हुंदक्यांवर सगळं नाटक कसं निघेल? एकदा समोरचा नट विचारत राहिला, "बोल, कोण आहे तो?" आणि मी रडतच राहिले. शेवटी बिचाऱ्याने स्वतःच सांगितलं, कोण तो.

पट्टा बंद, कान बंद

आमची तालीम मिलला लागून असलेल्या रिकाम्या गोदामात चालायची. मधे नुसती पत्र्याची भिंत. बाकीचे सारे त्या आवाजाला वैतागलेले. मी एकटी खुशीत.

एक दिवस लाइन गेली. मिल थांबली. सगळ्यांनी हुश्श केलं. मालक म्हणाले, "चला, आता तरी धडाची तालीम करा." आणि माझी बोलती बंद! बाबूरावांनी ओळ दिली, मी नुसती पाहत राहिले. परत दिली. मी उगाच पदर सावरला. मालक चिडले. तेवढ्यात लाइन आली, मिल धडधडली आणि मी घडाघडा बोलायला लागले.

बाबूराव पुस्तक मिटून माझ्याकडे पाहतच राहिले. मग उठून सरळ मिलमध्ये गेले. मी त्यांच्या मागोमाग.

"धनराज, पट्टा बंद कर गा जरा."

"काऊन, मास्तर?"

"कर तं!"

पट्टा थांबला. बाबूराव माझ्या मागे उभे राहून काहीतरी बोलले असणार, कारण समोर बसलेल्या बाया हसल्या. मला काही ऐकू आलं नाही. "चालू कर!" पट्टा सुरू झाला. मागून बाबूरावांचा आवाज आला, "कुसुमबाई, तुमच्या सासूबाई तुमच्याकडेच पाहून राह्यल्या!"

मी पाहिलं. सासूबाई हातातलं सूप तसंच धरून उभ्या होत्या.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तांदूळ राहिला बाजूला, अख्खी मिल माझ्या कानाभोवती गोळा झाली! धनराज घामाघूम होऊन हसत होता. घरी आल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली नाही, जवळ येऊन खांद्याला हात लावला. मला इतकं रडू आलं की विचारू नका, आणि ते नाटकातलं नव्हतं.

जनरेटर

आता बाबूरावांनी यावर आपला सिद्धांत काढला. त्यांचं म्हणणं, मशीनच्या थरथराटानं माझ्या कानाची नस हलते आणि उघडते. सगळ्या कंपनीला पटलं. मला तर फारच पटलं! मग उपाय सोपाच होता. पुढच्या नाटकाला लाइटचा जनरेटर, जो नेहमी मंडपापासून लांब शेतात ठेवायचे, तो ओढत आणून माझ्या विंगेमागे लावला.

आणि काय सांगू, ऐकू आलं! शब्द न् शब्द! दुःखाचा प्रसंग, आणि मी एकही ओळ चुकले नाही. मनातल्या मनात नाचत होते मी.

फक्त एक झालं. जनरेटरच्या आवाजावरून ओळ पोचवायची म्हणून बाबूराव बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि माइक ते सगळं उचलत होता. लोकांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येत होता, आधी बाबूरावांचा, मग माझा. मी मरणाऱ्या बापाच्या उशाशी बसलेली, आणि मंडपातून कोणीतरी ओरडलं, "अवो, दोघांतून एक जन बोला ना! मास्तर बरा बोलून राह्यला!"

मंडप फुटला हसून. बाप झालेला नटही मरता मरता हसला.

पडदा पडल्यावर मालक आत आले. माणूस वाईट नव्हता. रागावलेही नाहीत, आणि तेच जास्त झोंबलं. म्हणाले, "कुसुमबाई, एवढा सीझन काढून घेऊ. पुढच्या दिवाळीले मी नागपूरची बाई पाहतो. तुमी कान दाखवा."

तोंडाला रंग तसाच होता माझ्या. मी म्हणाले, "दिवाळीच्या आधी मी बरी होतो. तुमी बाई पाहू नका." कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे! म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण त्या दिवशी तोंडातून तसंच निघालं.

मोठी जाऊ

सीझन संपल्यावर धनराज मला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई होत्या, बारीकशा, बोलायला फटाफट. मी भीत भीत मिलची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. त्या खुर्चीतून उठल्याच! दुसऱ्या दोन डॉक्टरांना हाक मारून म्हणाल्या, "या, या, हिचं ऐका. सांगा हो परत, पट्टा बंद केल्यावर काय झालं?"

मी सांगितलं. तिघेही असे खूश, जणू माझं लग्न ठरलं!

मग त्यांनी समजावलं. मिलमध्ये माझा कान उघडत नव्हता. मिलचा आवाज माझ्यापर्यंत धड पोचतच नव्हता. तो बाकीच्यांच्या कानात शिरून दुसऱ्या आवाजांवर पांघरूण घालायचा, म्हणून ते सगळे न कळत ओरडून बोलायचे. माझ्या कानावर ते पांघरूणच नव्हतं. मला आपलं त्यांचं ओरडणं तेवढं साफ ऐकू यायचं. घरी पांघरूण नाही, म्हणून कोणी ओरडतही नाही.

"म्हंजे मी ढोंगी नाई?" मी विचारलं.

"ढोंगी? अहो, कानाच्या आतलं एक हाड आखडलं असेल ना, तर असंच होतं. तुम्ही अगदी पुस्तकात सांगितल्यासारख्या आजारी आहात!"

इतकं सुंदर वाक्य मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी धनराजकडे पाहिलं, त्याचे डोळे भरले होते.

पण गाडी पुढे अडली. डावा कान जास्त वाईट, ऑपरेशन त्याचं करायचं. ते करण्यात अर्थ कधी? तर आतली नस जिवंत असेल तर. नस मेली असेल तर काहीच करता येत नाही. गावाकडे एका ठिकाणी आधी तपासलं होतं तेव्हा डाव्यानेही ऐकू येतंय असं निघालं होतं. बाई म्हणाल्या, त्यावर विश्वास नाही. डाव्याला आवाज दिला तरी तो डोक्याच्या हाडातून उजव्याला पोचतो, आणि उजवा खोटी साक्ष देतो.

मला हे लगेच कळलं. आमच्या शेजारी दोन जावा होत्या. धाकटीला काहीही विचारा, उत्तर मोठीच द्यायची. मोठीला पाण्याला पाठवल्याशिवाय धाकटीच्या मनातलं कळायचं नाही. इथंही तेच करायचं होतं. उजव्या कानात सर्रर्र असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं आणि मग डाव्याला विचारायचं.

मला एका बंद खोलीत बसवलं. उजव्या कानात तो सर्रर्र सुरू झाला, पहिल्यांदा बारीक, मग वाढत वाढत मोठा. डाव्या कानामागच्या हाडावर एक बटणासारखं काही लावलं. "टूं" ऐकू आलं की बोट वर करायचं. मी बसले. सर्रर्र, सर्रर्र. काही नाही. उजव्या कानाला त्या सर्रर्रशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. वाटलं, संपलं, आली नागपूरची बाई.

आणि मग, खूप लांबून, टूं.

मी बोट वर केलं. पुन्हा टूं. बोट! पुन्हा, आणखी बारीक. बोट! मी दोन्ही हात वर केले आणि काचेपलीकडून आवाज सोडणाऱ्या पोरीनं हात जोडून खूण केली, एकच बोट, बाई, एकच!

डॉक्टरीणबाई कागद पाहत म्हणाल्या, "नस जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकून टेबलावर आपटल्या.

वॉर्ड

घरी मात्र वादळ झालं. ऑपरेशनमध्ये क्वचित असलेला कानही पूर्ण जातो, हे बाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. धनराजने ते सासूबाईंना सांगितलं.

"एका कानानं चालून राह्यलं ना? नाटकासाठी डोकं फोडून घेते का?"

"नाटकासाठीच," मी म्हणाले.

धनराजनंही माझी बाजू घेतली नाही. मला त्याचा फार राग आला, कारण त्यालाही भीती वाटते हे मला कबूल करायचं नव्हतं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जाय. पोरीले मी पाहतो. पन कान गेला तं मी हातवारे करनार नाई, सांगून ठेवतो." हा त्यांचा आशीर्वाद!

दवाखान्यातले दिवस मला भीतीचे वाटायला हवे होते, पण कानाच्या वॉर्डाइतकी मजा मी कुठे पाहिली नाही. सगळ्या बहिऱ्या, त्यामुळे सगळ्या ओरडून बोलणाऱ्या. मला तर माहेरच मिळालं! शेजारच्या खाटेवर माजरीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची बायको होती, भागाबाई. तिने पहिल्याच दिवशी आपल्या सवतीची सगळी कहाणी इतक्या जोरात सांगितली की पुरुषांच्या वॉर्डातून निरोप आला, पुढे काय झालं? सकाळी चहा, मग राउंड, मग कानात थेंब, मग परत भागाबाईची सवत. सिस्टर दिवसभर तोंडावर बोट ठेवून फिरायच्या, आणि आम्हाला त्यांचं बोटसुद्धा दिसायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र मी खूप घाबरले. भागाबाईने माझा हात हातात घेतला आणि काही बोलली नाही. तिला बरं माहीत होतं, कधी ओरडायचं नाही ते.

ऑपरेशन जागेपणीच झालं. कान तेवढा बधिर केला. ते आखडलेलं हाड म्हणे तांदळाच्या कणीएवढं. एवढ्याशा कणीनं माझा संसार आणि धंदा दोन्ही अडवले होते! मान हलवायची नाही, खोकायचं नाही. खूप वेळ नुसती खरखर. एकदम गरगरलं आणि लगेच ठण्ण! कोणीतरी ताटलीत चिमटा ठेवला होता. इतका उघडा, इतका जवळ आवाज, मी दचकले.

"हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग अगदी हळू, "नाव काय तुमचं?"

"तुमी कुजबुजून राह्यल्या!" मी ओरडले.

"हो. आणि तुम्ही ओरडताय."

खोलीतले सगळे हसले. हसू ऐकू आलं मला, प्रत्येकाचं वेगळं.

एसटी

मग कानात पट्टी भरली आणि पुन्हा सगळं बंद. उभं राहिलं की जमीन फिरायची. पट्टी काढून घरी जायला निघालो त्या दिवशी मी दवाखान्याच्या अंगणात पानं वाजतात ते ऐकत उभी राहिले, धनराजला उशीर होत होता तरी.

एसटीत बसलो. गाडी सुरू झाली आणि माझ्या कानात नुसता गडगडाट भरला. खिडक्या, इंजिन, टपावरचे डबे. धनराज काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले. मला एक अक्षर आलं नाही.

एसटी म्हणजे माझी हक्काची जागा होती! एसटीत मला कधी ऐकू आलं नाही असं झालं नव्हतं. मी त्याचा दंड धरला. "कान गेला! गेला माझा कान!"

"काय?" तो ओरडला.

"आयकू नाई येत!"

"काय?"

"आयकू नाई येत म्हनलं!"

समोरच्या बाकावरचा म्हातारा वळून म्हणाला, आणि तो माझ्या अगदी तोंडाशी येऊन ओरडला म्हणून ऐकू आलं, "एस्टीत कोनाले आयकू येते वं बाई!"

धनराज आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. मीही. पांघरूण पडलं होतं माझ्या कानावर, चारचौघांसारखं! उमरेड, भिवापूर, नागभीड, सगळा रस्ता मी काहीही न ऐकता, आनंदाने गेले.

त्या दिवाळीनंतर

मालकांनी बाई पाहून ठेवली होती. ती माणसं धंदा करतात, त्यांना दोष नाही. मी म्हणाले, एक नाटक द्या. पहिलं. जनरेटर लांब शेतात. चुकले तर मी स्वतः मेकअप पुसते. त्यांनी दिलं.

आरमोरीकडचं गाव होतं. मंडप खच्चून भरलेला. पहिले दोन अंक निभले. पण ते गाण्या-हशाचे होते, तिथं मी आधीही चुकत नव्हते. मग तिसरा अंक. बाई नवऱ्याच्या घरून कायमची निघते, आणि उंबऱ्यात वळून एक वाक्य बोलते. त्या एका वाक्यावर नाटक उभं.

मी वळले. तबला थांबला. मंडप गपगार झाला.

डाव्या विंगेतून बाबूरावांची कुजबूज आली. बारीक, नीट. सगळी ओळ आली.

मी बोलले नाही.

त्यांनी परत दिली. पुन्हा सगळी ऐकू आली. मी तशीच उभी. तिसऱ्यांदा त्यांनी दिली तेव्हा आवाजाला कापरं होतं. समोरच्या विंगेत मालक उभे राहिले आणि पडदेवाल्याला खूण करायला त्यांनी हात उचलला, तेव्हा मी बोलले. एकही हुंदका न घेता बोलले. नंतर मंडपात जे झालं त्याची फुशारकी मी मारत नाही, पण बाकीचा सीझन माझाच होता.

पडदा पडला तसे बाबूराव पुस्तक घेऊन धावत आले. घामानं भिजले होते.

"आयकू नाई आलं का, कुसुमबाई?"

"आलं ना, मास्तर. तिन्ही वेळा आलं."

"मंग बोलल्या काऊन नाई? जीव गेला ना माह्या!"

"त्यायचं आयकून राह्यली होती," मी मंडपाकडे हात करून म्हणाले.

"त्यायचं? कोनाचं? कोनी तं काईच बोलत नवतं!"

"तेच तं, मास्तर," मी म्हणाले. "तेच आयकत होती."